हात गुंतलेले, मन मोकळं

बहिणाबाई चौधरी 3 डिसेंबर 1951 रोजी गेल्या आणि त्यांच्या गाण्यांचं पुस्तक 1952 मध्ये निघालं. पुस्तकावर छापलेलं आपलं नाव त्यांनी पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी त्यांना ते वाचता आलं नसतं. आचार्य अत्र्यांनी त्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली. अत्र्यांनी एखाद्याला डोक्यावर घेतलं की बाकीचा महाराष्ट्रही घेत असे, तसं इथेही झालं, आणि या वेळी ते सर्वस्वी योग्यच झालं. तेव्हापासून आजवर बहिणाबाईंचा वाचक एकच प्रश्न विचारत आला आहे: शाळेचं तोंड न पाहिलेल्या शेतकरी बाईला हे सगळं सुचलं कसं?

या प्रश्नात कौतुक आहे, आणि थोडा आगाऊपणाही आहे. सुचायला शाळा लागते असं आपण आधीच धरून चाललेलो असतो, म्हणून तर नवल वाटतं. शिवाय ‘कसं’ला उत्तर नसतं. फार तर दैवी देणगी म्हणून हात जोडायचे आणि मोकळं व्हायचं. त्यापेक्षा ‘कधी’ विचारावं. कधी सुचलं? त्या वेळी हातात काय होतं? घरात बाकीचे काय करत होते? या प्रश्नांची उत्तरं पुष्कळदा मिळतात, आणि ती मिळाली की सुचणं ही गोष्ट आभाळातून खाली येऊन माजघरात, शेतात, दुकानाच्या गल्ल्यामागे दिसायला लागते. या संग्रहातलं लेखन निवडताना मी हाच ‘कधी’ हाताशी ठेवला आहे. रोजच्या कामातून उभं राहिलेलं मराठी लेखन, एवढाच त्याचा पैस आहे. सकाळच्या सुविचारांचं किंवा सभागृहात टाळ्या घेणाऱ्या भाषणांचं हे पुस्तक नव्हे. ज्यांना पहाटे पाचला उठून यशस्वी व्हायचं आहे, त्यांनी ते दुसरीकडे शोधावं. इथल्या बायका पहाटे उठत, पण दळण पडलेलं असे म्हणून.

दळणापासूनच सुरुवात करायला हवी, कारण मराठीतलं सुचण्याचं सगळ्यात मोठं ठिकाण जातं हेच आहे. जात्याची खालची तळी स्थिर, वरची फिरती. मधल्या खिळ्याभोवती ती फिरते. वरच्या तळीच्या कडेला लाकडी खुंटा. बाई जमिनीवर बसते, एक पाय लांब सोडते, एका हाताने खुंटा ओढते आणि दुसऱ्या हाताने तोंडात मूठमूठ धान्य टाकत राहते. त्याला वैरण घालणं म्हणतात. वैरण जास्त पडली तर पीठ भरड येतं, कमी पडली तर दगडावर दगड घासतो. दोघी समोरासमोर बसल्या तर एकीने ओढायचं, दुसरीने ढकलायचं, आणि दोघींचा जोर जुळला नाही तर खांदे भरून येतात. पहिल्या काही फेऱ्यांत हे सगळं ध्यान देऊन करावं लागतं. मग हात आपले आपण चालू लागतात. घरातली पुरुषमाणसं झोपलेली असतात, सासू असली तर तिच्या आणि आपल्या मध्ये जात्याची घरघर असते. पुढचा तासदीड तास हात पूर्ण गुंतलेले आणि मन पूर्ण मोकळं, अशी दिवसातली ती एकमेव वेळ.

ओवी तिथे झाली. जात्याच्या फेऱ्याला धरून ओळ पडते, आणि दुसरी फेरी संपेपर्यंत पुढची ओळ सापडावीच लागते, कारण फेरा थांबत नाही. कवितेवर एवढी कडक मुदत फार थोड्या संपादकांनी घातली असेल. सुरुवात देवाच्या नावाने, पहिली ओवी अमक्याला, दुसरी तमक्याला, अशी मोजत. ही मोजणी म्हणजे गळा आणि मन गरम करून घेणंच. एकदा हात बसला की ओवी विठ्ठलाकडून भावाकडे जाते, भावाकडून माहेरच्या वाटेकडे, तिथून लेकीच्या लग्नाकडे, आणि मग जे दिवसाउजेडी कुणाला सांगता येत नाही त्याच्याकडे. नवऱ्याचा मार, सवत, वांझपण, भाऊबीजेला न आलेला भाऊ. सीतेचा वनवासही या बायकांनी आपल्याच घरातला करून घेतला आणि रामाला खडे बोल सुनावले.

हे सगळं किती होतं याचा अंदाज यावा म्हणून एक आकडा सांगतो. हेमा राईरकर आणि गी प्वात्व्हँ यांनी 1980 च्या दशकात पुणे जिल्ह्यात, मुळशीच्या बाजूला जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. पुढे हे काम महाराष्ट्रभर पसरलं आणि ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. त्याआधी साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्या जमवल्या होत्या, सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्याचे खंडच्या खंड काढले होते. लाखभर ओव्या, आणि त्यातल्या बहुतेकींचा कर्ता कुणीच नाही, किंवा सगळ्याच. एकीने म्हटलेली दुसरीने उचलली, तिने त्यात आपल्या भावाचं नाव घातलं, तिसरीने शेवट बदलला. ‘स्वतःच्या आतली प्रेरणा’ असं आपण म्हणतो तेव्हा आत एकच माणूस बसलेला असतो असं आपल्याला वाटतं. जात्यावर बसलेल्या बाईच्या आत तिची आई, आजी आणि शेजारणी बसलेल्या असत. त्यांच्या गर्दीतून वाट काढत तिची स्वतःची ओवी येई, आणि ती स्वतःचीच असे.

काही वर्षांपूर्वी बारामतीकडच्या एका मंगल कार्यालयात हळदीला गेलो होतो. जातं आता लग्नापुरतं उरलं आहे. सुपारी बांधून, हळदकुंकू वाहून ते मांडवात आणतात, पाच सवाशिणी चार फेरे फिरवतात, फोटो निघतात, आणि जातं पुन्हा कुठल्याशा खोलीत जातं. तिथे एक म्हाताऱ्या आजी खुर्चीवर बसल्या होत्या. नवरीच्या मावशीने त्यांच्यापुढे मोबाइल धरला आणि म्हणाली, “आजी, एखादी ओवी म्हणा की. रेकॉर्ड करते.”

आजी म्हणाल्या, “येत न्हाई गं आता. इसरले सगळं.”

“अशा कशा विसरलात? आमच्या आईच्या लग्नात रात्रभर म्हणत होतात.”

आजींनी जात्याकडे पाहिलं. “आगं, खुर्चीत बसून का कुटं ओवी म्हणत्यात व्हय? मला खाली तरी बसीव.”

दोघींनी धरून त्यांना खाली बसवलं. त्यांनी पाय लांब केला, पदर खोचला, खुंट्याला हात घातला. जातं रिकामंच होतं, त्यात कुणीतरी मूठभर हळकुंडं टाकली. दोन फेरे नुसतेच गेले. तिसऱ्या फेऱ्याला ओवी आली आणि मग कितीतरी वेळ येत राहिली. डीजेवाल्याने आवाज वाढवला तरी आजींना त्याचा पत्ता नव्हता. ओव्या गोळा करणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. जात्यावाचून आठवत नाही, असं त्यांनाही अनेक बायकांनी सांगितलं आहे.

आता बहिणाबाईंकडे परत येऊ. जळगावजवळच्या आसोद्याला 1880 साली त्यांचा जन्म झाला, तेराव्या वर्षी लग्न होऊन त्या जळगावच्या चौधरींकडे आल्या. ऐन तिशीत वैधव्य आलं. थोरला मुलगा प्लेगातून वाचला पण अधू झाला. शेत, घर, मुलं, भाऊबंदकी, सगळं अंगावर. एवढ्या कष्टात गाणी कशी, असं विचारणारा पुन्हा तोच प्रश्न विचारतो. गाण्यांच्या विषयांची यादीच पाहा: पेरणी, कापणी, उफणणी, विहिरीवरची मोट, सुगरणीचा खोपा, चुलीवरचा तवा, आणि जातं, ज्याला त्यांच्या बोलीत घरोट म्हणतात. विषय शोधायला ही बाई बांधाच्या पलीकडे गेलेली नाही. गेली तेव्हाही कामासाठीच गेली. जळगावात छापखाना पाहिला, तर त्याच्या यंत्रावरही गाणं केलं, आणि कागद छापून शहाणा होतो पण माणसाचं काय, अशी कोपरखळी मारून घरी आली.

उफणणीचं घ्या. खळ्यावर मळणी झालेली असते. दाणे आणि भूस एकत्र पडलेलं. माणूस तिवईवर चढतो, पाटी खांद्याच्या वर धरतो आणि हळूहळू ओततो. वारा असेल तर दाणे सरळ खाली पडतात आणि भूस बाजूला उडतं. वारा नसेल तर काहीच होत नाही. पाटी डोक्यावर धरून उभं राहायचं. वारा पडला की सगळं खळं थांबतं, आणि माणसाला वाऱ्याशी बोलण्याखेरीज दुसरं काम उरत नाही. बहिणाबाई त्याला मारुतीच्या घरातला माणूस म्हणून नात्याने हाका मारतात, लाडीगोडी लावतात, वेळप्रसंगी टोचून बोलतात. हे गाणं वाऱ्यावर केलेलं आहे असं आपण म्हणतो. मला ते वारा नसण्यावर केलेलं वाटतं. ज्याने वाऱ्याची वाट पाहत पाटी धरली नाही, त्याला वाऱ्याला नातेवाईक करता येणार नाही. रविवारी शेतावर सहलीला जाणाऱ्याला वारा सुखद लागतो आणि तेवढ्यावर विषय संपतो.

आणि जेव्हा त्यांनी स्वतःबद्दल गायलं तेव्हाही हातात काही ना काही होतंच. कपाळ पुसलं गेलं, हात रिकामे झाले, हे दुःख त्या आभाळाकडे बघून सांगत नाहीत. कुंकवाची जागा, बांगड्यांची जागा, तळहातावरच्या रेषा, असं एकेका जागेवर बोट ठेवत सांगतात. दारात आलेल्या ज्योतिष्यालाही त्या परत पाठवतात. माझं नशीब मला कळलंय, तू नको सांगूस, या थाटात. आपल्या आत डोकावा, असा उपदेश आजकाल फुकट मिळतो. आत डोकावायचं म्हणजे नेमकं कुठे बघायचं, हे बहिणाबाई दाखवतात: स्वतःच्या हाताकडे.

इथवर वाचून एखाद्याला वाटेल की कष्टांचं कोडकौतुक चाललं आहे. तसं होऊ नये याची मला धास्ती आहे, कारण या विषयावर लिहिणारे बहुतेक तिथेच घसरतात. जात्यामुळे ओवी आली हे खरं, पण ओवीसाठी कुणी जातं ओढलं नाही. गावात डिझेलची गिरणी आली तेव्हा बायकांनी जातं सोडलं आणि त्यांचे खांदे, पाठ, झोप वाचली. कुणाही शहाण्या बाईने तेच केलं असतं. ओव्या गेल्याची हळहळ बहुतेक वेळा ज्यांनी कधी दळलं नाही तेच करतात. शिवाय प्रत्येक काम मनाला मोकळं सोडतं असंही नाही.

गिरणगावाचं उदाहरण बोलकं आहे. कापडगिरणीच्या साळखात्यात मागांचा आवाज एवढा असे की शेजारच्याला हाक मारायची तर ओठांवरून आणि हातवाऱ्यांनी. तिथे ओवी कुठून येणार? लय होती, पण ती मागाची होती. ती माणसाच्या हाताला जुळत नसे; माणसालाच तिच्याशी जुळवून घ्यावं लागे. धागा तुटला की धावायचं, आणि नजर हटली की नुकसान. नारायण सुर्वे यांना गिरणी कामगार गंगाराम सुर्वे यांनी रस्त्यावरून उचलून घरी आणलं आणि आपलं नाव दिलं. सुर्वे स्वतः गिरणीत राबले, शाळेत शिपाई झाले, मग शिक्षक. त्यांची कविता गिरणीच्या आत झालेली दिसत नाही. ती बाहेर, नाक्यावर, चाळीच्या गॅलरीत, मोर्चात, युनियनच्या कचेरीत झाली. पाळी सुटल्यावर साठलेलं सगळं एकदम बोलायला लागावं तशी ती बोलते. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ 1962 चा, ‘माझे विद्यापीठ’ 1966 चा. दुसऱ्या संग्रहाच्या नावातच त्यांनी सांगून टाकलं की आपलं शिक्षण कुठल्या इमारतीत झालं नाही. पण रस्ता आपोआप कुणाला शिकवत नाही. त्याच रस्त्यावरून लाखो माणसं गेली. सुर्व्यांच्या मागे कामगार चळवळ होती, वाचणारे सोबती होते, आणि तू जे बघतोस ते लिहिण्यासारखं आहे असं म्हणणारं कुणीतरी होतं.

हे शेवटचं मला या सगळ्या प्रकरणात फार महत्त्वाचं वाटतं. प्रेरणा आतून येते असं म्हणताना बाहेरचा कान आपण विसरतो. बहिणाबाईंची गाणी वाचली, कारण मुलगा सोपानदेव स्वतः कवी होता आणि त्याने व घरातल्याच दुसऱ्या एकाने ती टिपून ठेवली. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ झाली, कारण मुलाला, देवदत्तांना, वडिलांच्या चरित्रासाठी आईच्या आठवणी हव्या होत्या. नारायण वामन टिळकांविषयी लिहायला बसलेल्या या बाईने स्वतःचं सगळं जग उभं केलं. बाजारातून आलेलं मीठसुद्धा धुऊन घ्यायला लावणारे, सोवळ्याने पछाडलेले त्यांचे वडील एकदा वाचले की विसरत नाहीत. मीठ धुतल्यावर काय उरत असेल, हा विचार त्या घरातल्या लहान मुलीने किती वर्षं केला असेल! लिहिलं मात्र उतारवयात, कुणीतरी मागितलं तेव्हा. दोन आया, दोन मुलगे. ज्यांच्या मुलांना वही काढायची बुद्धी झाली नाही अशा आया किती असतील, याचा हिशेब कुणाकडेच नाही.

आणि काहींच्या बाबतीत घरातला कान तर नव्हताच, उलट घरापासून लपवावं लागत होतं. बेबी कांबळे यांचं फलटणला छोटंसं किराणा दुकान होतं. सुटा माल बांधून द्यायला रद्दीचे कागद लागत. गिऱ्हाईक नसलं की त्या ते कागद वाचत बसत. मिरची, साखर बांधायच्या आधी त्यांनी ते वाचून घेतलेले असत. लिहायलाही त्यांनी तिथेच सुरुवात केली. नवरा दुकानात नसताना लिहायचं, आणि वह्या घरच्यांच्या नजरेला पडणार नाहीत अशा जागी, जुन्या कागदांच्या आडोशाला दडवून ठेवायच्या. हे वीसेक वर्षं चाललं. पुढे फलटणला काम करणाऱ्या मॅक्सीन बर्नसन या अमेरिकेतून आलेल्या अभ्यासक बाईंना त्याचा सुगावा लागला, त्यांनी पाठपुरावा केला, आणि ‘जिणं आमुचं’ आधी ‘स्त्री’ मासिकातून आणि मग 1986 मध्ये पुस्तकरूपाने आलं. महारवाड्यातल्या बायकांचं जगणं, त्यांच्यावर बाहेरून झालेला अन्याय आणि घरातून झालेला अन्याय, दोन्ही त्यात एकाच तराजूत तोललेले आहेत. बेबीताईंनी बाबासाहेबांकडून घेतलं ते उघडच आहे. त्या तसं स्वतः सांगत. पण त्या वीस वर्षांत रोज लिहायला बसवणारी गोष्ट बाबासाहेबांच्या भाषणाइतकीच दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांमधली शांतताही होती, असं मला वाटतं. ते अंतर कधी पाच मिनिटांचं, कधी अर्ध्या तासाचं. त्यात त्यांनी एक पुस्तक बसवलं.

दुकानावरून द. बा. मोकाशी आठवतात. पुण्यात त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. मराठीतल्या काही अत्यंत नाजूक कथा लिहिणारा हा माणूस दिवसभर व्हॉल्व्ह आणि तारांमध्ये हात घालून बसे. 1961 मध्ये ते वारीला पायी गेले, भाविक म्हणून नव्हे, बघणारा म्हणून, आणि ‘पालखी’ लिहिलं. त्या पुस्तकात ते भारावून जात नाहीत, नाकही मुरडत नाहीत. दुकानात आलेला रेडिओ माणूस जसा आधी कानाला लावून बघतो, तसे ते वारीला कान लावतात.

एक नाव या संग्रहात का, असं विचारलं जाईल, म्हणून त्याचा खुलासा करतो. दादासाहेब फाळके लेखक नव्हते. त्यांची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे: मुंबईत ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा मूकपट पाहिला, पडद्यावर आपले राम-कृष्ण दिसले, आणि भारतीय सिनेमा जन्मला. सांगायला ही गोष्ट फार छान आहे, आणि प्रेरणेवरच्या प्रत्येक भाषणात ती असते. पण त्या दिवशी तो मूकपट फाळक्यांबरोबर कितीतरी लोकांनी पाहिला असणार. मला त्यापुढची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. 1912 मध्ये फाळके लंडनहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन परत आले. पौराणिक पटाला पैसा लावायला कुणी तयार नव्हतं. तेव्हा त्यांनी घरात एका कुंडीत वाटाणा पेरला. कॅमेरा कुंडीसमोर पक्का केला आणि रोज थोडं थोडं चित्र घेत राहिले. महिन्याभराने फीत पडद्यावर फिरवली तेव्हा कोंब जमिनीतून वर येऊन, पानं फोडून, मिनिटभरात वेल झाला. ‘अंकुराची वाढ’ हे त्या लहानशा पटाचं नाव. ते पाहून भांडवल देणारे तयार झाले, आणि ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला.

ख्रिस्ताच्या पटाने फाळक्यांना इच्छा दिली असेल. वाटाण्याने त्यांना कसब दिलं. रोज उठून त्याच कुंडीपुढे उभं राहायचं, काल आणि आज यांत डोळ्याला फरक दिसत नसताना चित्र घ्यायचं, आणि उद्यावर भरवसा ठेवायचा, हे त्यांनी महिनाभर केलं. कुठलाही घरातला माणूस कुंडीला पाणी घालतो आणि विसरतो. इकडे सरस्वतीबाई फाळके रात्री अंधार करून कोऱ्या फितीला भोकं पाडत. तेव्हा फीत भोकं न पाडलेलीच येई. दागिने गहाण ठेवणं, साठसत्तर माणसांचा स्वयंपाक, आणि वर हे. त्या कामाची लय काय होती, ते करताना त्या काय गुणगुणत होत्या, हे कुणी विचारलं नाही. हा संग्रह चाळताना अशा न विचारलेल्या प्रश्नांच्या जागा जागोजाग दिसतील.

आजच्याबद्दल थोडं. हातांना काम आणि मनाला मोकळीक, हे समीकरण अजून मोडलेलं नाही. मोकळीक मात्र चोरीला गेली आहे. भाकरी थापणं, मेथी निवडणं, लोकलमध्ये उभं राहणं, मुलाला झोपवणं, एसटी फाट्यावर येईपर्यंतची वाट. या सगळ्यांत मन सैल सुटत असे. आता तिथे कानात इअरफोन आणि हातात मोबाइल असतो. मी मोबाइलचा शत्रू नाही. मंगल कार्यालयातल्या त्या आजींची ओवी आज माझ्याकडे आहे ती मोबाइलमुळेच. पण मेथीच्या जुडीबरोबर मालिकेचा भाग संपवणाऱ्या बाईला, किंवा बाप्याला, मेथी निवडताना काय सुचलं असतं हे कळायला वाव उरलेला नाही. कंटाळा ही मोठी सुपीक गोष्ट होती, आणि आपण ती फार स्वस्तात विकली.

संग्रहाच्या मांडणीबद्दल दोन शब्द. लेखकांचा क्रम काळानुसार लावलेला नाही, कामानुसार लावला आहे: दळणकांडण, शेत, घर, गिरणी, दुकान, रस्ता. त्यामुळे संत जनाबाई आणि विसाव्या शतकातली मुळशीची एखादी बाई शेजारी शेजारी येतात, आणि दोघींच्या मधली सातशे वर्षं जात्याच्या आवाजात विरघळल्यासारखी होतात. अरणचे सावता माळी शेताच्या विभागात आहेत. ते मळा सोडून पंढरीला गेले नाहीत अशी परंपरा आहे, आणि मळ्यातला भाजीपालाच त्यांनी अभंगात आणला. सेना न्हावी, नरहरी सोनार आणि गोरा कुंभार यांचं लेखन गिरणी आणि दुकान यांच्या मधे कुठेतरी बसवावं लागलं. आपापल्या धंद्याची हत्यारं देवापुढे मांडताना त्यांना लाज वाटली नाही. पुढच्या काळातल्या पुष्कळ शिकलेल्या कवींना ती वाटली, आणि त्यांची कविता त्यामुळे फिकी झाली, असं माझं मत आहे. ते कुणाला पटलं नाही तरी हरकत नाही.

बोलींना हात लावलेला नाही. बहिणाबाईंची लेवा गणबोली, फलटणकडची बोली, मावळातली ओवी, जशी मिळाली तशी. अडेल तिथे तळटीप न शोधता शब्द पुन्हा एकदा मोठ्याने वाचून पाहावा. निम्म्या वेळा अर्थ कानाला लागतो. मोठ्याने वाचायला लाजू नये, घरचे सवय करून घेतात.

राहून गेलेलं पुष्कळ आहे. कोकणातल्या भातलावणीची गाणी थोडी आहेत, धनगरांच्या ओव्या जवळजवळ नाहीत, कारण त्या रात्ररात्र चालतात आणि तुकडे पाडले तर त्यांचा जीव जातो. मिठागरं, वीटभट्ट्या, ऊसतोडीचे तांडे यांच्यातलं फारसं हाती लागलं नाही. घरोघरी जाऊन धुणीभांडी करणाऱ्या बायकांपैकी एकीकडे वही होती, पण ती छापू द्यायला तयार नव्हती. वहीत ज्या घरांबद्दल लिहिलं आहे तिथे तिला अजून सोमवारी सकाळी कामाला जायचं आहे. तिचं म्हणणं मान्य करून ती पानं मी परत दिली आहेत.

— संपादक